कडा पांढऱ्या झाल्या की

रसायनबाई हे नाव त्यांना गल्लीने दिलं होतं. त्यात थट्टा थोडी आणि मान बराच होता. साबण आणि धुण्याची पावडर बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं काम करत होत्या. कुणाच्या फरशीवर डाग पडला, कुणाच्या नळाला क्षार धरला, की माणसं थेट त्यांचं दार वाजवायची. लग्न त्यांनी केलं नव्हतं. थोरल्या भावाच्या घरात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्यांच्या होत्या. खाली रस्त्याच्या बाजूला वहिनीची लाँड्री होती. वहिनी धुवायची आणि दादा इस्त्री करायचा. सगळं घर दिवसभर वाफेने आणि खळीच्या वासाने भरलेलं असायचं.

वहिनी दहावीपर्यंत शिकलेली. आम्ल कोणतं आणि अल्कली कोणती हे तिला हातांवरून कळायचं. "एक झोंबतं, दुसरं बुळबुळतं," असा तिचा हिशेब. रसायनबाईंना ते ऐकून हसू यायचं आणि त्या मायेने तिची चूक सुधारायच्या. नणंद-भावजयीचं बरं चाललं होतं. वरची शिकलेली, खालची कष्टाळू, अशी वाटणी दोघींनी न बोलता मान्य केलेली होती.

ती वाटणी मोडली गॅरेजवाल्यांच्या कपड्यांनी. त्यांच्या अंगावरच्या ग्रीसमध्ये लोखंडाचा बारीक कीस असतो. साबणाने ग्रीस जातं, पण कीस धाग्यात अडकून राहतो आणि पाण्यात गंजतो. मग काळा डाग जाऊन तांबूस डाग येतो. वहिनीने या डागापायी कितीतरी बोलणी खाल्ली होती. पलीकडच्या शीतपेयाच्या कारखान्यातले गणवेशही तिच्याकडेच यायचे. बाटल्यांच्या तोंडाला धरलेला गंज काढायला तिथे एक पावडर वापरतात, हे तिने तिथल्या मुकादमाकडून काढून घेतलं, आणि डबाभर पावडर मागूनही आणली. पाण्यात कालवली तर ती कपड्यावरून ओघळून जायची. म्हणून वहिनीने ती कपड्यांच्या खळीत घोटली आणि तो लगदा डागावर थापला. कधी लवकर खरवडून बघितला, कधी उशिरा. असं दीड वर्ष चाललं. शेवटी एक वेळ अशी सापडली की चमच्याच्या पाठीने लगदा उचलला, तर त्याच्याबरोबर डागही उचलून यायचा.

एका गिऱ्हाईकाची पँट अशी निघाली, तेव्हा तो माणूस ती उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. तो पेटंटचा वकील होता.

"वन्सं, यावर जरा नजर घाला," असं म्हणत वहिनीने एक दिवस अर्जाचा मसुदा वर आणून दिला. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. माझंच आहे म्हणतात."

रसायनबाईंनी मसुदा वाचला. शोधकाच्या रकान्यात वहिनीचं पूर्ण नाव होतं, एकटीचं. त्यांनी तो रकाना पुन्हा एकदा वाचला.

बावीस वर्षांत रसायनबाईंच्या नावाचे दोन अर्ज गेले होते. दोन्ही परत आले होते, "नावीन्य नाही" असा शेरा घेऊन. ज्या तीन कामांना पेटंट मिळालं, त्यांत राबल्या त्या आणि नाव लागलं साहेबांचं. त्या गोष्टीचं दुःख त्यांनी कधीच गिळून टाकलं होतं. साहेब परके होते आणि वर बसलेले होते. पण ही खाली, त्यांच्याच पायांखालच्या मजल्यावर, दंडापर्यंत फेसात हात घालून उभी असायची. आणि तिला ते मिळणार होतं.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "दोन शब्द बदलले आहेत."

त्यानंतर त्यांना खालचा प्रत्येक आवाज टोचायला लागला. वहिनी हसली तरी टोचायचं, गिऱ्हाईकाशी बोलली तरी टोचायचं. दादा जेवताना कौतुकाने म्हणायचा, "आपल्या घरात आता दोन शास्त्रज्ञ!" आणि रसायनबाईंचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. हसून मान हलवायची, एवढंच त्यांच्या हाती होतं.

दुपारच्या सुट्टीत त्या कारखान्याच्या ग्रंथालयात बसू लागल्या. काय शोधतोय हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात ते सापडलं. एका जुन्या तांत्रिक मासिकात दगडावरचे गंजाचे डाग काढायची रीत दिली होती. पिठाच्या लगद्यात तसलंच द्रव्य कालवायचं, दगडावर थापायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि खरवडून काढायचं. म्हणजे वहिनीच्या आधी हे कुणीतरी केलेलं होतं! रसायनबाईंच्या छातीत इतका आनंद दाटला की त्यांची त्यांनाच भीती वाटली.

अर्जावर कुणालाही हरकत घेता येते. त्यांनी ती घेतली, परगावच्या एका कॉलेजच्या मैत्रिणीच्या नावाने. मैत्रिणीने न वाचताच सही केली. मजकूर मात्र अक्षर न् अक्षर रसायनबाईंचा होता, आणि त्यात एक वाक्य त्यांनी चवीने लिहिलं होतं: "सदर कल्पना या क्षेत्रातल्या कोणाही जाणकाराला सहज सुचेल अशी आहे."

काही महिन्यांनी वहिनी हातात कागद घेऊन जिना चढून आली. पदराला हात पुसायचंही तिला भान नव्हतं.

"कुणीतरी माझ्यावर उठलंय, वन्सं. कोण ही बाई? मी हिचं काय केलंय?"

"असतात अशी माणसं. बस आधी."

वहिनी बसली नाही. उभ्यानेच बोट ठेवून वाचू लागली आणि त्याच वाक्यापाशी थांबली. "जाणकार म्हणजे तुमच्यासारखेच ना? मग खरं सांगा. हे तुम्हाला सहज सुचलं असतं?"

तिच्या विचारण्यात काही डाव नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

रसायनबाईंनी पाण्याचा तांब्या उचलला, पाणी ओतलं, प्यायल्या. बावीस वर्षं डागांवरच काम केलं होतं. गॅरेजचे कपडे रोज त्यांच्या नाकासमोरून आत जात होते. नव्हतं सुचलं.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

"वकील म्हणतात, प्रयोग करून आकडे द्यावे लागतील. तुमच्याशिवाय कोण आहे मला?"

नाही म्हणायला सबब नव्हती. शिवाय मनाच्या तळाशी एक हिशेब होताच. आकडे आले की दगड काय नि कापड काय, सगळं एकच आहे हे आपोआप सिद्ध होईल. आपण फक्त तराजू धरायचा.

चार रविवार दोघी लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसल्या. एकाच ताग्यातले चौकोन कापले, गॅरेजमधलं ग्रीस आणि लोखंडाचा कीस तोलून लावला, एकाच मापाने लगदा थापला. दर पाच मिनिटांनी एक तुकडा खरवडून धुवायचा आणि शेवटचे तुकडे पूर्ण वाळू द्यायचे, असं ठरलं.

"पूर्ण वाळवू नका," वहिनी म्हणाली. "डाग परत आत जातो."

"असं होत नसतं. वाळेल तेवढं ते जास्त ओढून घेणार."

"होतं, वन्सं."

"आमच्याकडे कुठलीही गोष्ट वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवतात. त्याशिवाय मोजमापच करत नाहीत."

"तुमच्याकडे करत असतील," वहिनी म्हणाली आणि लगदा थापत राहिली.

संध्याकाळी तुकडे ओळीने दोरीवर लटकले. सुरुवातीचे तांबूस होते. पुढे रंग उतरत गेला, मधले तीन तर कोऱ्या कापडासारखे होते. आणि मग, जसजसं वाळणं वाढलं, तसा तांबूस रंग पुन्हा चढत गेला होता. पूर्ण वाळलेला तुकडा पहिल्याइतकाच वाईट होता. रसायनबाईंनी चष्मा पुसला. आपलंच तोलणं चुकलं असणार असं म्हणून त्यांनी पुढच्या रविवारी सगळं नव्याने केलं. त्याच्या पुढच्या दोन्ही रविवारी पुन्हा केलं. दर वेळी दोरीवर तीच ओळ दिसायची. लगद्यातलं एक तृतीयांश पाणी शिल्लक असताना डाग सगळ्यात जास्त निघतो, आणि ती वेळ टळली की विरघळलेलं लोखंड उरल्यासुरल्या पाण्याबरोबर धाग्यात परत शिरतं. दगडाचं तसं नव्हतं. मासिकातल्या रीतीला हे माहीतच नव्हतं.

"तुला ही वेळ कळते कशी?" त्यांनी विचारलं. घड्याळ, तराजू, वही, सगळं त्यांच्या पुढ्यात होतं. वहिनीच्या पुढ्यात काहीच नव्हतं.

"लगद्याच्या कडा पांढऱ्या झाल्या आणि मधे ओल दिसली की काढायचा. त्या वेळी नाही काढला तर कपडा रुसतो."

रसायनबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. लिहिताना पेन कागदातून आरपार जाईल एवढा जोर लागला. आधी वाटत होतं, वहिनीला घबाड सापडलंय, नशिबाने. त्या जळण्यात निदान एक दिलासा होता. आता तो गेला. ही बाई बघत आली होती, दीड वर्ष, एकेक डाग. आपण सगळं वाळवत आलो आणि मग मोजत आलो. जे मधे घडतं ते आपण कधी पाहिलंच नाही. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दादाला सांगितलं, पित्त झालंय.

वकिलाच्या कचेरीत प्रतिज्ञापत्र तयार होतं. तज्ज्ञ म्हणून रसायनबाईंनी सही करायची होती. आकडे सगळे बरोबर होते. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, "या प्रकरणात माझा कोणताही हितसंबंध नाही, आणि हरकत घेणाऱ्या व्यक्तीशी माझा कसलाही संबंध नाही."

त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"शाई संपली का?" वकिलांनी विचारलं आणि ते दुसरं पेन आणायला बाहेरच्या टेबलाकडे गेले.

"वहिनी, ती हरकत मी घेतली आहे."

वहिनी खिडकीबाहेर बघत होती. तिने मान वळवली. "काय घेतलंय?"

"ती बाई माझी मैत्रीण आहे. तिला काही माहीत नाही. लिहिलंय ते सगळं मी लिहिलंय."

वहिनीने विचारलं, "का पण?"

"जळले. तुझ्यावर."

"माझ्यावर?" तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं पाण्याने कायमची सुरकुतलेली होती. "मी कपडे धुते, वन्सं."

"म्हणूनच तर."

वकील पेन घेऊन आत आले. दोघींचे चेहरे बघून ते दारातच थबकले. वहिनी उठली.

"यांची सही नको. मी करते. प्रयोग मीही केलेत." मग रसायनबाईंकडे न बघता, खालच्या आवाजात म्हणाली, "चार रविवार माझ्या हातचा चहा प्यायलात. ह्यांना यातलं काही सांगायचं नाही. ह्यांचा जीव आहे तुमच्यावर."

त्या दिवशी दोघी वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी आल्या.

दुसऱ्याच दिवशी रसायनबाईंनी हरकत मागे घेतली. पण जुनं मासिक आता कार्यालयाच्या दप्तरात गेलंच होतं. त्याला उत्तर देणं भाग होतं. सुनावणीला वहिनी एकटी गेली. अधिकाऱ्याने विचारलं की दगडाची रीत आणि तुमची रीत यात फरक काय. तिने पिशवीतून तुकड्यांची ती दोरी काढली आणि टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत धरली. पेटंट मिळालं. अर्जातला पसारा छाटून त्यात एवढंच ठेवलं होतं की लगदा अर्धवट ओला असताना काढायचा. वकील म्हणाले, हरकत आली नसती तर इतकं नेमकं झालं नसतं. हे दादाने रसायनबाईंना आनंदाने सांगितलं. त्यांना कुठे तोंड लपवावं असं झालं.

वहिनी कामापुरतं बोलायची. जेवण वाढायची, औषध आणून द्यायची, पण जिना चढून वर यायची नाही. प्रमाणपत्र लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीवर लागलं. रसायनबाई मागच्या दाराने जायला लागल्या. असं वर्षभर चाललं.

मग रसायनबाईंच्याच कारखान्याने तो लगदा बनवायचा हक्क वहिनीकडून घेतला. साहेबांनी त्यांना बोलावलं. "तुमच्या घरचाच शोध आहे म्हणे! मग उत्पादन तुम्हीच बसवा." मोठ्या कढयांमध्ये खळ फाटायची, गुठळ्या धरायची. तापमान कुठे धरावं आणि पावडर कधी सोडावी, हे रसायनबाईंनी दोन महिने खपून बसवलं. ते काम त्यांना चांगलं जमलं. पहिला घाणा सरळ निघाला तेव्हा कामगारांनी विचारलं, "बाई, हे तुम्ही शोधलंत?"

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वहिनीने." ते शब्द तोंडातून निघताना अजूनही ओरखडा उठला.

घरी येताना त्या पुढच्या दाराने आल्या. वहिनी ओले कपडे पिळत होती. दादा बाहेर गेला होता.

"घाणा नीट निघाला," रसायनबाई म्हणाल्या. "गुठळी नाही एकही."

वहिनीने पीळ सोडला नाही. पिळता पिळताच विचारलं, "अजून जळता का माझ्यावर?"

"हो."

"पहिल्याइतकं?"

रसायनबाईंनी विचार केला. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "काही दिवशी पहिल्याइतकं. आज त्याहून जरा कमी."

वहिनीने पिळलेली चादर झटकली आणि तिचं एक टोक त्यांच्यापुढे धरलं.

"धरा. एकटीने नीट घडी पडत नाही."