मुरुमचे सरदार

दसऱ्यानंतर मुरुमला आमच्या भावकीचा मेळावा भरला. योगीराजदादानं मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर घोड्यावर बसून तलवार उपसलेले ‘सरदार’ आमचे मूळपुरुष. फोटो नव्हता, म्हणून दादानं स्वतःचाच चेहरा बसवला होता. दुष्काळात आपल्या घराण्याला नळदुर्गाहून इथं सरदारानं आणलं, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय.

हार घालून झाला. मग सगळ्यांत थोरल्या लक्ष्मीआत्यापुढं माइक धरला.

आत्या फ्लेक्स निरखून म्हणाली, “सरदार आपला बैल हुता की रं. उजव्या अंगाचा.”



दादानं चाचरत विचारलं, “मग मूळपुरुष?”

“ते गाडीत झोपले हुते.”

पुढचा मेळावा पोळ्याला घ्यायचं ठरलं. भावकीचं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ.