न मोजलेल्या बायका

वरच्या लीगमध्ये खेळायच्या लायसन्ससाठी दर सामन्याला सरासरी तीन हजार प्रेक्षक हवे होते. आमच्या यॉर्कशरमधल्या रग्बी क्लबचे वीस कमी भरले आणि लायसन्स गेलं.

"अर्नीकाका, मैदान तर दर वेळी खच्चून भरायचं!" सेक्रेटरीबाई पत्र माझ्या नाकासमोर नाचवत ओरडल्या.

कपाळ माझं! तीस वर्षं फाटकावर मीच बसतो. जुन्या खेळाडूंच्या विसेक विधवांना मी बाजूच्या दारातून फुकट आत सोडायचो. फिरत्या फाटकावरचा माणसं मोजणारा आकडा त्यांच्यासाठी कधी हललाच नाही.

शेवटच्या सामन्याला त्यांच्यातलीच एल्सी आली आणि सवयीने बाजूच्या दाराशी थांबली.

"वहिनी, आज इकडून या," मी म्हणालो. फाटक खटकन फिरलं, आकडा एकाने पुढे सरकला.

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "मी परकी झाले होय रे, मेल्या?"