सगळे चेंडू कप्तानला

व्हॉलीबॉलच्या कोर्टवर सेटरने पुन्हा चेंडू कप्तानलाच मारायला उचलून दिला. उंच, नेटच्या अगदी काठावर. हात पूर्ण ताणल्याशिवाय मारताच येऊ नये असा. कप्तानने उडी घेऊन मारला. गुण मिळाला, टाळ्या पडल्या. खाली उतरताना कप्तानने दात आवळले, ते फक्त सेटरने पाहिलं.

कप्तानचा उजवा खांदा दुखावलाय, हे सकाळीच सेटरच्या लक्षात आलं होतं. कप्तान डाव्या हाताने केस विंचरत होती. तिने ते मनात ठेवलं, कुणापाशी ब्र काढला नाही.

सेटरचा बाप कातडी कमावण्याच्या कारखान्यात होता. ती संघात आली त्या दिवशी कप्तानने नाकाला रुमाल लावून म्हटलं होतं, "हिची बॅग बाहेर ठेवा गं, वास येतोय." सगळ्या खिदळल्या. तेव्हापासून तिचं नाव 'चामडी' पडलं. तीही हसली होती, आणि तेव्हाच तिने डूख धरला.

"अगं, फिरवून दे! बाकीच्या काय शोभेला उभ्यात?" कोच बाहेरून ओरडले.

"आज तिचाच हात चालतोय, सर," ती साळसूदपणे म्हणाली.

पुढचा चेंडूही तिने कप्तानलाच दिला. त्याच्या पुढचाही.

उपांत्य सामना जिंकून बाकीच्या नाचत बाहेर गेल्या. कप्तान कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून राहिली. जर्सी काढायला हात वर जाईना. सेटर दारात उभी राहून बघत होती. तिला हेच तर बघायचं होतं.

"तुला माहीत होतं," कप्तान म्हणाली.

"हो."

"मला पहिल्याच बॉलला कळलं."

"मग नको म्हणायचं होतंस."

"तुला?" कप्तान फिकट हसली. "मेले असते तरी म्हटलं नसतं."

सेटर पुढे आली. आधी तिने चांगला हात सोडवला, मग जर्सी डोक्यावरून काढून दुखऱ्या हातावरून अलगद खाली ओढली. खांदा हललासुद्धा नाही.

"कुठे शिकलीस हे?"

"घरी. ओली कातडी उचलून उचलून बाबांचा खांदा गेलाय. त्यांचा सदरा मीच काढते."

कप्तानने मान खाली घातली. सेटरने माफीची वाट पाहिली. मग जर्सीची घडी घालून बाकावर ठेवली.

"उद्या फायनलला?" शेवटी कप्तानने विचारलं.

"तुलाच देणार. सगळे."

कप्तानने मान डोलावली.

"उंच दे," ती म्हणाली.