आमच्या यांची मूळ संख्या

"बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा, भाऊजी," माझा धाकटा भाऊ संघपाल म्हणाला, आणि अमरावतीच्या कॉलेजात शंभर पोरांसमोर आमच्या यांनी खडूने लिहिलं: ७३९३९१३३.

मी पहिल्या रांगेत, नव्या साडीत. आमचे हे, देवमनराव, बार्शीटाकळीला पाणीपुरवठ्याचा पंप चालवतात. मोटर सुरू केली की टाकी भरेपर्यंत तीन तास काम नाही. बाकीचे लोक मोबाईल बघत बसतात, हे भागाकार करतात. नऊ वर्षं! घरात वह्यांच्या थप्प्या. मी कमी बोलले का? पण संघपाल पडला गणिताचा प्राध्यापक. त्यानंच सुरुवातीला सांगितलं होतं, "ताई, करू दे त्याइले. हे अजून कोनी शोधलं नाही. झालं की भाऊजीच्या नावानं छापू." सख्खा भाऊ म्हणतो म्हटल्यावर मी गप्प बसले.

"हिले एक अन् ही सोतः, दोघाइनंच भाग जाते," हे पोरांना सांगू लागले. "म्हंजे मूळ संख्या. शेवटचा आकडा खोडा, तरी मूळच. आनखी खोडा, तरी मूळच. पार सातापर्यंत! अन् अशी याच्याहून मोठी संख्याच नाही. एकेक करून तपासलं मी."

टाळ्या पडल्या. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात मागून एक मुलगी उभी राहिली.

"सर, पण हे तर तुमीच आमाले पयल्या वर्षी शिकवलं ना? पुस्तकात आहे."

"हो आचल," संघपाल हसला. "पण यायनं हातानं काढलं! म्हनून तर बोलावलं."

हे वळले. "म्हंजे तुले माहीत होतं?"

"भाऊजी, तुमचं मन रमून राह्यलं होतं. कायले मोडावं म्हटलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाठच्या भावानं केसानं गळा कापला! मी उठून ओरडले, "लाज वाटते का तुले? नऊ वर्सं खेळनं केलं मानसाचं!"

यांनी मला हातानंच थांबवलं. "ते पुस्तक मले देलं असतं तं मी वाचलं असतं, संघपाल," हे हळूच म्हणाले. "त्याच्या पुढचं काही शोधलं असतं. नऊ वर्सं होती माह्याजवळ."

मग डस्टर घेऊन उजवीकडून एकेक आकडा पुसत गेले. सात राहू दिला. हात झटकले. "चाल, सत्यवती. सांजची पाळी आहे."

"जेवून तर जा, ताई," संघपाल मागून म्हणत होता. मी वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी डबा घेऊन पंपावर गेले. मोटर चालू होती. वही खिडकीत मिटून ठेवलेली. हे खुर्चीवर बसून टाकी भरायची वाट बघत होते, बाकीचे लोक बघतात तशी.