टकर्स एल्बो, लोकसंख्या ८७

मित्रांनो, अखेर मी घरी पोहोचले. टकर्स एल्बो गावच्या वेशीवर मला पुन्हा उभं केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि एका गाईने माझ्याकडे बघून मान हलवली.

असो. असं काहीही झालेलं नाही. वरचा परिच्छेद तुम्ही वाचलेलाच नाही.

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. गाव अमेरिकेतलं, नेब्रास्का राज्यातलं. मुक्काम मात्र दुबईत, देरा भागातल्या एका हॉटेलात, चार नंबरच्या टेबलाच्या वर. मी रागात आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्ही म्हणाल, पाटी किती गोड बोलते.

आधी इतिहास. टकर नावाच्या माणसाच्या घोडागाडीचं चाक तिथे मोडलं. तो लोहाराची वाट बघत बसला. लोहार आलाच नाही, म्हणून गाव झालं. भूगोल : सपाट. मधून एक ओढा जातो आणि कोपरासारखा वळतो. तेवढंच वळण. धान्याच्या कोठारावर चढलं की अकरा मैलांवरचं पुढचं गाव दिसतं, आणि तिथेही काही चाललेलं नसतं.

लोकसंख्या हे माझं खातं. १९६१ साली मला हिरवा रंग दिला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत गावाचं नाव आणि खाली २१२. लिहिणारा ओल्सन तेव्हा पोरगेला पेंटर होता. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की तो डबा घेऊन यायचा, जुना आकडा झाकायचा आणि नवा लिहायचा. १६३. ११९. ८७. दर वेळी आकडा उतरायचा आणि दर वेळी ओल्सन मला सॉरी म्हणायचा. स्वतःची काही चूक नसताना माझी माफी मागणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. चूक असणारे भेटले, पण ते मागत नाहीत.

१९९६च्या हिवाळ्यात बर्फ ढकलणाऱ्या गाडीने मला आडवं केलं. सरळ करायला म्हणून शेडमध्ये नेलं आणि भंगाराच्या लिलावात चुकून विकलं. मग एक कंटेनर, त्यात मी आणि दोनशे बैलांच्या कवट्या. सहप्रवासी शांत होते. उतरलो ते थेट दुबईच्या जबल अली बंदरात.

मला घेतलं मुरलीधरशेठनी. त्यांचं हॉटेल ‘अमेरिकन स्टाइल’ आहे, म्हणजे बर्गर आणि मिसळ दोन्हींवर एकच शेव. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. लोक माझ्याखाली उभं राहून फोटो काढायचे. मला कुणी वाचलं मात्र नाही.

मग २००२ साली शेठची मुलगी तनया हिला शाळेत प्रोजेक्ट मिळाला : जगातलं एक छोटं गाव, त्याचा इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या. ती माझ्याखाली वही घेऊन बसली.

"पप्पा, हिस्टरी काय लिहू?"

"लिही, इथे काउबॉय राहत."

"अँड जिऑग्रफी?"

"डोंगर. भरपूर डोंगर."

मित्रांनो, डोंगर! माझे खिळे तापले.

"पप्पा, पॉप्युलेशन ओन्ली एटी-सेव्हन? आपल्या बिल्डिंगमध्ये मोअर आहेत."

"अगं, सत्याऐंशी हजार असेल. पेंटरचं हजार लिहायचं राहिलं. यल्ला, चल, लिही पटापट."

वही परत आली. मधू मिसनी लाल पेनाने विचारलं होतं, "हे कुणी सांगितलं?" तनयाला लाज वाटली. तिने सरळ गावालाच पत्र लिहिलं. पत्त्यात फक्त गावाचं आणि राज्याचं नाव. पोहोचलं, कारण तिथे पोस्ट सांभाळणाऱ्या डोरिसबाईच गावाचं दप्तरही सांभाळतात.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. तनयाने ते मराठीत करून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. डोंगर नाहीत. काउबॉय एक होता, तो दंतवैद्य झाला. आणि पुढे : "आमची पाटी गेल्यापासून वेशीवर नुसता खांब आहे. नवी पाटी येणार आहे. सहा वर्षं येणार आहे. मागच्या हिवाळ्यात ओल्सनच्या छातीत कळ आली. अँब्युलन्सला गाव कळलंच नाही. ती पुढच्या गावी जाऊन परत आली. आम्ही बासष्ट होतो, आता एकसष्ट आहोत. पाटी तुमच्याकडे असेल तर कृपया पाठवा."

अंबादास आचारी भटारखान्यातून बाहेर आला होता. हात पुसत म्हणाला, "शेठ, देऊन टाका. त्यांची वस्तू आहे. मी दर दोन वर्षांनी गावी जातो, ही सहा वर्षांत गेली नाही."

"अरे, गिऱ्हाइकं तिच्यासाठी येतात."

"गिऱ्हाइकं मिसळीसाठी येतात, शेठ."

"पप्पा, प्लीज. समवन डाइड."

"इन्शाल्ला, बघू," शेठ म्हणाले. त्यांचं इन्शाल्ला म्हणजे नाही.

त्यांनी काय पाठवलं असेल? माझा फोटो! रंगीत, वहीच्या पानाएवढा, लॅमिनेट करून.

डोरिसबाईंनी आभार मानले. फोटो खांबाला ठोकला आहे, चार फुटांवरून छान दिसतो, असं त्यांनी कळवलं. गाड्या तिथून ताशी पासष्ट मैलांनी जातात. तनयाला प्रोजेक्टमध्ये ए प्लस मिळाला. तिने तो घरी दाखवलाच नाही.

म्हणून मित्रांनो, पाट्या जपा, असं सांगून मी हे संपवणार नाही. जपलंय मला, रोज पुसतात. मला पाठवा. त्यासाठी रीतसर अर्ज करत आहे :

प्रति, मा. मालक. विषय : रजा मिळणेबाबत. महोदय, मी आपल्या आस्थापनेत सहा वर्षे एकही खाडा न करता टांगलेली आहे. तरी मला एक महिन्याची रजा आणि फक्त जाण्याचे तिकीट मंजूर व्हावे. रजा नामंजूर झाल्यास, निदान ८७ झाकून ६१ लिहिण्यासाठी पेंटर मिळावा. आमचा पेंटर उपलब्ध नाही.