दोन नंबरचा रिमोट

मित्रांनो, मी जुना आहे, काळा आहे आणि माझ्या डाव्या मुठीवरचं रबर उंदरानं कुरतडलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी व्हिडिओ गेमचा रिमोट आहे. माझ्या खोक्यावर ‘कंट्रोलर’ असं भारदस्त नाव छापलेलं होतं, पण जालन्यात ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. ज्याला बटणं आहेत आणि ज्यानं टीव्हीत काहीतरी हलतं, तो रिमोट. त्यातही मी दोन नंबरचा. दोन नंबरचा म्हणजे लबाडीचा माल नव्हे हो! आमच्या यंत्राला दोन रिमोट लागतात. पहिल्या खाचेत माझा थोरला भाऊ आणि दुसऱ्या खाचेत मी. खेळायला दुसरं माणूस असेल तरच माझी आठवण व्हायची.

माझा जन्म दूर चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजानं, मग ट्रकनं, मग टेम्पोनं हेलकावे खात मी जालन्यातल्या मस्तगड भागातल्या एका दुकानात आलो आणि तिथल्या काचेमागे चार महिने धूळ खात बसलो. तिथून मला शिवाजीरावांनी घरी आणलं. शिवाजीराव एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला होते. लालबुंद तापलेली सळई चिमट्यानं धरायची आणि पुढच्या रोलात घालायची, हे त्यांचं काम. पोरगा सुमित सातवीत वर्गात पहिला आला तर गेम आणीन, असा त्यांनी शब्द दिला होता. पोरगं खरंच पहिलं आलं आणि शिवाजीराव शब्दाला जागले.

घर दोन खोल्यांचं होतं. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर टीव्हीच्या वर, आणि आमचं यंत्र टीव्हीच्या खाली, विणलेल्या रुमालावर. तो रुमाल सुमितच्या आईनं, सत्यशीलाबाईंनी, मंठ्याच्या माहेरून आणला होता. सुमितहून सहा वर्षांनी लहान बहीण अक्षता तेव्हा दुधाच्या दातांची होती.

आमच्या घरात खेळला जायचा तो फक्त फुटबॉल. गाड्यांच्या आणि मारामारीच्या सीड्याही होत्या, पण त्यांच्यावर चहाचे कप ठेवायचे. सुमितचे मित्र जमले की वाद ठरलेला: जगातला सगळ्यात भारी फुटबॉल गेम कोणता? एक टोळी फिफाची, एक पीईएसची. पोरं हमरीतुमरीवर यायची. मला कुणी विचारलं नाही, पण दोन्ही खेळ माझ्याच अंगावर खेळले गेलेत, तेव्हा माझंही ऐका. फिफात गोल मारायला गोल बटण. नावाप्रमाणं काम, सरळ हिशेब. पीईएसमध्ये मात्र गोल मारायचा तर चौकोन दाबायचा. पोरं एक सीडी काढून दुसरी घालायची आणि जुन्या सवयीनं भलतंच बटण दाबायची. मग समोर उघडं गोलपोस्ट असताना चेंडू आकाशात जायचा. त्यावर पोरगं काय म्हणायचं? “रिमोट खराब हे!” नाचता येईना, अंगण वाकडं. आता माझं मत सांगतो. ज्या खेळात हरलेल्याचा अंगठा बटणावरून उठत नाही, तो सगळ्यात भारी. आमच्या घरी तो मान पीईएसचा होता. त्यात खेळाडूंची नावं बदलता यायची. सुमितनं ब्राझीलच्या नऊ नंबरला आपल्या वडिलांचं नाव दिलं होतं. गोल झाला की टीव्हीवर इंग्रजी अक्षरांत ‘शिवाजी’ झळकायचं आणि ड्यूटीवरून दमून आलेले खरे शिवाजीराव दारातूनच म्हणायचे, “मी कव्हा गेल्तो रे ब्राझीलला?”

अक्षतालाही खेळायचं असायचं. तिच्यासाठी सुमितनं एक युक्ती काढली. मित्रांनो, तुमच्या गल्लीतही कच्चा लिंबू असेलच. कच्चा लिंबू म्हणजे खेळात असूनही नसलेलं लेकरू. त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते बाद झालं तरी बाद धरत नाहीत. ते नुसतं सगळ्यांबरोबर पळतं आणि खूश राहतं. सुमितनं माझ्या वायरची पिन यंत्रातून उपसली, रुमालाखाली लपवली आणि मला अक्षताच्या हातात दिलं. तो खेळायचा आणि ही बटणं बडवायची. गोल झाला की घर डोक्यावर घ्यायची, “म्या मारला, म्या मारला!”

दोन वर्षं हे चाललं. एके दिवशी रुमाल धुवायला काढताना तिला माझी पिन दिसली. ती ओरडली नाही की भांडली नाही. दोन दिवस तिनं सुमितच्या ताटात काही वाढलं नाही आणि त्याच्याशी शब्द बोलली नाही. शेवटी त्यानं कान धरले आणि माझी पिन खाचेत बसवली. मग अक्षता खरी खेळायला लागली. आधी सपाटून हरली, पण ती दहावीला जाईपर्यंत सुमितचे सगळे मित्र तिनं लोळवले. ती माझ्या आयुष्यातली सोन्याची वर्षं. तिचा अंगठा हलका होता, पण बरोबर वेळेला पडायचा.

पुढं मोबाइल आले. सुमित नोकरीला पुण्याला गेला. आम्हाला एका गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. उंदीर आले, धूळ आली, आणि वर्षं किती गेली ते मोजायलाही कुणी आलं नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. म्हातारपण कुणाला चुकलंय?

गेल्या हिवाळ्यात मला पुन्हा खाली काढलं. माझ्यावरची धूळ पुसणारा हात अक्षताचा होता, हे मी बोटांवरून ओळखलं. ती आता मोठी झाली होती आणि एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासायचं काम करत होती. ओल्या कागदावर बी मांडायचं आणि किती उगवलं ते बघायचं. आणि शिवाजीराव बाजेवर पडून होते. मिलमध्ये काम करता करता त्यांच्या हातातून चिमटा गळून पडला होता. लकवा. उजवी बाजू गेली. दवाखाना झाला, पाय हळूहळू सावरला, बोलणं शाबूत राहिलं, पण उजवा हात उशीवर ठेवला तर उशीवरच राहायचा. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी रबरी चेंडू दिला होता. रोज दाबा, म्हणाल्या होत्या. शिवाजीरावांनी तो डाव्या हातानं अंगणात भिरकावला.

“ज्या हातानं तापलेलं लोखंड धरलं, त्या हातानं लेकरायचा चेंडू दाबत बसू का?”

“मंग गेम खेळता का, पप्पा?” अक्षतानं विचारलं. “ब्राझीलमध्ये तुम्ही अजून हायेत.”

ते कसनुसं हसले, पण नाही म्हणाले नाहीत. पहिल्या दिवशी अक्षतानं मला नीट जोडलं. माझा लाल दिवा लागला, आणि काय सांगू, मला तर पुन्हा जन्मल्यासारखं झालं! तिनं त्यांचा उजवा अंगठा उचलून माझ्या चौकोनावर ठेवला. बापलेक एकाच बाजूनं खेळायला लागले. टीव्हीतला शिवाजी गोलपोस्टसमोर उभा होता. चेंडू पायाशी आला. “मारा, पप्पा!” अंगठा हलला नाही. टीव्हीतला शिवाजी खांबासारखा उभा राहिला आणि समोरचा येऊन चेंडू घेऊन गेला. असं सात वेळा झालं. शिवाजीरावांनी मला बाजूला सारलं आणि उजवा हात चादरीखाली लपवला. जेवतानाही तो बाहेर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षतानं माझी पिन उपसली आणि रुमालाखाली सरकवली. मग परत बाहेर काढून खाचेपर्यंत नेली, आणि पुन्हा रुमालाखालीच ठेवली. जिनं एकेकाळी या लबाडीपायी भावाशी अबोला धरला होता, तिनंच ती केली. मी रागावलो नाही. तिची ती घालमेल ज्याला कळली, तो कसा रागावेल? पण मला तोंड असतं तर म्हणालो असतो, नको बाई, हे नको.

ती “मारा, पप्पा!” म्हणायची आणि एक नंबरच्या रिमोटवर स्वतःच बटण दाबायची. गोल! टीव्हीवर ‘शिवाजी’ झळकायचं. शिवाजीराव आधी चकित झाले, मग हरखले. सत्यशीलाबाईंना स्वयंपाकातून हाक मारून बोलवायचे, “बघ, बघ, अंगठा काम करून राह्यलाय!” त्या पदरानं डोळे पुसायच्या. संध्याकाळी अक्षता कामावरून यायच्या आधीच ते मला मांडीवर घेऊन बसायचे. जो माणूस चेंडू दहादा दाबायला तयार नव्हता, तो आता दिवसाला शंभरदा जोर लावायचा.

आणि मित्रांनो, आता मी तुम्हाला ते सांगतो जे त्या घरात कुणालाच माहीत नाही. माझ्या बटणांना दाब कळतो. हलका किती, जोराचा किती, सगळं. पहिल्या आठवड्यात त्यांचा अंगठा माझ्यावर नुसता ठेवलेला होता. तिसऱ्या आठवड्यात त्यात थरथर आली. दीड महिन्यानं चौकोन थोडासा खाली गेला, नखभर. अक्षताचं लक्ष टीव्हीकडे, शिवाजीरावांचं लक्ष टीव्हीकडे. अंगठ्याकडे किंवा माझ्या विझलेल्या लाल दिव्याकडे बघणारं कुणी नव्हतं. जे खरं घडत होतं ते फक्त मला ठाऊक होतं, आणि माझी पिन रुमालाखाली होती.

मग तो रविवार आला. दुपारचं जेवण झालं होतं. मिलमधले वायरमन राधेश्याम विचारपूस करायला आले होते. “जयभीम, शिवाजीभाऊ” म्हणून खुर्ची ओढून सामना बघत बसले. दोस्तापुढं खेळायचं म्हणून शिवाजीरावांना स्फुरण चढलं होतं. बरोबरी झालेली, शेवटची मिनिटं. अक्षतानं चेंडू गोलपोस्टसमोर आणला, “मारा, पप्पा!” म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. पुण्याहून सुमित. ती क्षणभर वळली.

आणि शिवाजीरावांनी चौकोन दाबला. खरंच दाबला. पार तळापर्यंत, पुरा, एका झटक्यात! मिलमधल्या माणसाचा दाब होता तो. इतक्या वर्षांत इतका जीव ओतून मला कुणी दाबलं नव्हतं. मी आतून उजळून निघालो.

टीव्हीतला शिवाजी जागचा हलला नाही. चेंडू गेला.

“म्या मारला व्हता,” शिवाजीराव म्हणाले. “बराबर मारला व्हता.”

“हो पप्पा,” अक्षता घाईनं म्हणाली, “रिमोट जुना झालाय. खराब झाला असंल.”

ऐकलंत? ज्या क्षणी मी सगळ्यात चांगलं काम केलं, त्याच क्षणी मी खराब ठरलो.

राधेश्याम भला माणूस. कुठं काही खराब म्हटलं की त्यांना राहवत नाही. “दे इकडं, आत्ता बघतो,” म्हणून त्यांनी माझी वायर हातात धरली आणि हातानं चाचपत चाचपत यंत्रापर्यंत गेले. रुमाल उचलला.

“अरे, खराब कुठं? ही पिन तर जोडलेलीच न्हाई.”

शिवाजीरावांनी अक्षताकडे पाहिलं.

“आज निघाली का?”

अक्षताला “हो” म्हणता आलं असतं. एका अक्षराचं काम होतं. पण खोटं तिच्या हाताला जमलं, तोंडाला जमलं नाही. ती रडायला लागली.

“मंग ते समदे गोल तुझेच,” शिवाजीराव हळू म्हणाले. “मी कच्चा लिंबू.”

“पप्पा, तुम्ही व्यायाम करावा म्हणून...”

“बराबर हे, बाई. तुझं चूक न्हाई.” त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि पुन्हा चादरीखाली ठेवला.

राधेश्यामांना कुठं बघावं ते कळेना. चहा न घेताच ते गेले. आणि मी मांडीवर पडून ओरडत होतो, अहो, शेवटचा तुमचा होता! तो एक तुमचाच होता! पण रिमोटचं ओरडणं म्हणजे अरण्यरुदन.

त्या दिवसापासून अक्षता मला रोज जोडते. पिन खाचेत घालते, ती बसली का ते दोनदा ओढून बघते, मला वडिलांच्या हातात देते आणि अंगठा चौकोनावर ठेवते. आता ती त्यांच्या वाटचं बटण दाबत नाही. तेही जोर लावत नाहीत, आणि आम्ही रोज हरतो, कधी तीन-शून्य, कधी पाच-शून्य. व्यायामाच्या मॅडम आल्या, “दाबा बघू” म्हणाल्या. शिवाजीराव म्हणाले, “त्यात काय ऱ्हायलं न्हाई.” मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या महिन्यात येते म्हणाल्या. सुमित फोनवर म्हणतो, नवा गेम आणतो, त्याच्या रिमोटला वायरच नसते. आणील तो. त्याचाही जीव तुटतो.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तूला पुसा, उंदरापासून जपा, ते तर कराच. पण एखाद्याला खेळात घ्याल तेव्हा त्याची पिन जोडून घ्या. तो हरेल, चिडेल, तुम्हाला बघवणार नाही. हरू द्या. कारण मायेनं फसवलेल्या माणसाला त्याचं खरं यशही खोटंच वाटतं.

आत्ता या घटकेला सामना सुरू आहे. माझा लाल दिवा लागलेला आहे. अक्षता वाट बघते आहे. शिवाजीरावांचा अंगठा माझ्यावर आहे, ऊन आहे, आणि त्यात जोर आहे. आहे हो, मला पक्कं माहीत आहे. पण मला तोंड नाही, नुसती बटणं आहेत. आणि ती कुणीतरी दाबावी लागतात.