शेजाऱ्याची ना-हरकत

मसाजीला वाटलं होतं, एक अर्ज दिला की काम झालं. बायकोचं, सत्यभामाबाईचं, खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला अंगणापल्याडच्या संडासापर्यंत दोघांनी धरून न्यावं लागे. बिचारी लाजेनं दिवसभर पाणी पीत नसे. तिच्यासाठी घराला लागून एक खोली अन् संडास काढायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

ग्रामपंचायतीत ग्रामसेविका मोहिनी मॅडमनी रजिस्टर उघडलं. "काका, इथं दोनच खोल्या दिसतात. तिसरी कुठून आली?"

"ती अकरा वर्षांमागं वाढवली."

"परवानगी?"

"घर माझं, जागा माझी. परवानगी कुणाला मागू?"

मॅडम हसल्या. "नवी वाढ मोजताना जुनी सोडता येत नाही, काका. आधी ती नोंदवू. पण ती शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलीय. त्यांची लेखी ना-हरकत आणा."

शेजारी म्हणजे व्यंकटराव! त्या तिसऱ्या खोलीच्या पत्र्याचं पाणी अकरा पावसाळे त्याच्याच भिंतीवर पडत होतं. दर एकादशीला कीर्तन संपलं की रीतीप्रमाणे दोघं एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवत, अन् मंदिराची पायरी उतरली की तोंडं फिरवत.

मसाजी कागद घेऊन गेला, पण पुढं करायचं धाडस होईना. तो वाकलाच.

"पाया काहून पडून राहिला?" व्यंकटरावानं त्याला खांदे धरून उठवलं. "ते तर तू महिन्यातून दोनदा पडतोस. माझ्या भिंतीचं बोल."

"चुकलं माझं, राव. पत्र्याला पन्हाळ लावतो. भिंतीला गिलावा करून देतो."

"हेच ऐकायला अकरा वर्षं बसलो व्हतो रे!"

व्यंकटरावानं कागदाला जोडलेला नव्या खोलीचा नकाशा डोळ्यांजवळ धरला. सही काही करीना.

"दाराला उंबरा कशाला दाखवला? माझी माय उंबऱ्यालाच अडकून पडली व्हती. वहिनीसाठी सपाट ठेव." एवढं म्हणून त्यानं झोकात सही ठोकली.

आधी पन्हाळ लागली, गिलावा झाला, जुनी खोली नोंदली गेली. मग परवानगी आली. दिवाळीआधी खोली उभी राहिली.

पहिल्या सकाळी सत्यभामाबाई भिंतीचा आधार घेत एकटीच नव्या संडासात गेली. कडी लावली. मसाजी दाराबाहेर हात जोडून उभा. विठ्ठलाचे आभार मानावेत की मॅडमचे, की व्यंकटरावाचे, त्याला कळेना.

"अवो, दारात काहून उभे?" आतून आवाज आला. "जा ना तिकडं! आन् येताना तांब्याभर पाणी आणा, लई तहान लागली."